मेंदूच्या एकात एक मेशपासून व्हॉक्सेल-लेबले: रेघ, गळती आणि सरकलेला थर पुन्हा पुन्हा का येतो

फ्रीव्ह्यू या चित्रदर्शकात लेबलांचा व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलला (त्रिमितीय चित्रातल्या घनाकार ठिपक्याला) ऊतीचा क्रमांक दिलेले चित्र, उघडावा, कोरोनल (कपाळाला समांतर) काप एकेक करून पुढे सरकवावेत, आणि तेवढ्यात करड्या द्रव्याच्या रंगाची, एकाच व्हॉक्सेलच्या रुंदीची एक सरळ रेघ कॉर्टेक्समधून निघून, कवटी ओलांडून, थेट चित्राच्या कडेपर्यंत गेलेली दिसावी, हा अनुभव या कामातल्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. ती रेघ मीडियन फिल्टरने, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलला शेजाऱ्यांतील मधले मूल्य देऊन, पुसता येते आणि मी स्वतः कित्येक महिने ती तशीच पुसत आले. पण पुढच्या व्यक्तीचा स्कॅन घेतला की रेघ दुसऱ्या ठिकाणी उगवते, कधी तिच्या जोडीला कवटीला भोक पडलेले असते, कधी संपूर्ण मेंदू दोन-तीन मिलिमीटर सरकलेला असतो, आणि आपण पुन्हा तयार व्हॉल्यूमची डागडुजी करायला बसतो. शिवाय त्या फिल्टरची किंमत मोजावी लागते. सल्कसच्या, म्हणजे मेंदूच्या दोन वळ्यांमधल्या, अरुंद खाचेत दोन्ही काठांना करडे द्रव्य आणि मध्ये एकाच व्हॉक्सेलच्या जाडीचा द्रव असेल, तर २७ व्हॉक्सेलच्या खिडकीत द्रवाच्या बाजूने ९ आणि करड्या द्रव्याच्या बाजूने १८ मते पडतात. रेघेबरोबर खाचही नाहीशी होते. ही दुरुस्ती व्हॉल्यूम तयार होण्याच्या आधी, मेश (त्रिकोणांनी बनलेला पृष्ठभाग) आणि व्हॉक्सेल जेथे प्रथम एकमेकांसमोर येतात तेथे, करायला हवी. प्रत्येक व्हॉक्सेलच्या केंद्रबिंदूबाबत ‘हा बिंदू या पृष्ठभागाच्या आत आहे का’ हा एकच प्रश्न, एकाच निर्देशक-चौकटीत आणि सगळ्या पृष्ठभागांना एकाच रीतीने विचारला, की यांतील बहुतेक दोष उगमापाशीच थांबतात.

पुढील विवेचनासाठी एक ठरावीक उदाहरण घेते. एका व्यक्तीच्या टी१ एमआरआयवर फ्रीसर्फर हे साधन चालवून प्रत्येक गोलार्धाचे ‘व्हाइट’ (श्वेत द्रव्याची सीमा) आणि ‘पायल’ (करड्या द्रव्याची बाहेरची सीमा) असे दोन पृष्ठभाग मिळाले आहेत. वॉटरशेड पद्धतीने कवटीची आतली बाजू, कवटीची बाहेरची बाजू आणि डोक्याची त्वचा असे आणखी तीन पृष्ठभाग मिळाले आहेत. आणि प्रकाशकणांच्या किंवा विद्युतप्रवाहाच्या सिम्युलेशनसाठी एकच व्हॉल्यूम हवा आहे, ज्यात त्वचा, कवटी, मस्तिष्कमेरू द्रव, करडे द्रव्य आणि श्वेत द्रव्य यांना अनुक्रमे १ ते ५ ही लेबले असतील.

निर्देशक आधी, भरणे नंतर

भरण्याच्या पद्धतीत दोष शोधण्यापूर्वी मेश आणि व्हॉल्यूम एकाच चौकटीत आहेत की नाहीत हे पाहावे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात. फ्रीसर्फरच्या पृष्ठभागांचे निर्देशक मिलिमीटरमध्ये असले तरी ते स्कॅनरच्या आरएएस (उजवीकडे, पुढे आणि वर धन) चौकटीतले नसतात. त्यांची स्वतःची एक पृष्ठभाग-आरएएस चौकट असते आणि तिचा आरंभबिंदू व्हॉल्यूमच्या मध्यावर मानलेला असतो. या दोन चौकटींतील अंतर हेडरमध्ये सी_आरएएस या नावाच्या तीन संख्यांत नोंदलेले असते. प्रत्येक बाजूला २५६ व्हॉक्सेल आणि १ मिलिमीटरचा व्हॉक्सेल असलेल्या प्रमाणित व्हॉल्यूममध्ये हे अंतर म्हणजे निव्वळ सरळ सरकणे असते, त्यामुळे ते विसरले तरी मेंदूचा आकार शाबूत राहतो आणि फक्त जागा बदलते. सी_आरएएस लहान असेल तर ही चूक नजरेतून सहज निसटते. लेबले मूळच्या तिरक्या कापांच्या स्कॅनमध्ये हवी असतील, तर सरकण्याबरोबर फिरणेही येते आणि तेथे पूर्ण मॅट्रिक्सशिवाय भागत नाही. ‘एमआरआय_इन्फो’ ही आज्ञा दोन्ही चौकटींचे मॅट्रिक्स छापून देते. ते कागदावर उतरवून एक शिरोबिंदू हाताने बदलून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

समजा, एका शिरोबिंदूचे निर्देशक −३४.२, १२.६ आणि ४१.३ आहेत. प्रमाणित व्हॉल्यूममध्ये स्तंभ म्हणजे १२८ वजा पहिला निर्देशक, ओळ म्हणजे १२८ वजा तिसरा आणि काप म्हणजे १२८ अधिक दुसरा. म्हणजे उत्तर १६२.२, ८६.७ आणि १४०.६ असे येते. व्हॉक्सेलच्या पूर्णांकी क्रमांकावर त्या व्हॉक्सेलचे केंद्र असते, ही फ्रीसर्फरचीही रीत आहे आणि निफ्टी या चित्र-फाइलप्रकाराचीही, म्हणून हा बिंदू १६२, ८७, १४१ या व्हॉक्सेलमध्ये पडतो. आता एखाद्याने दशांश भाग नुसता छाटून पूर्णांक केला, तर तोच बिंदू १६२, ८६, १४० मध्ये जातो, म्हणजे दोन अक्षांवर एकेक व्हॉक्सेल बाजूला पडतो. साऱ्या शिरोबिंदूंची सरासरी काढली तर हे सरकणे प्रत्येक अक्षावर अर्ध्या व्हॉक्सेलचे भरते. कॉर्टेक्सची सरासरी जाडी सुमारे अडीच मिलिमीटर असताना अर्धा मिलिमीटर ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही.

याच मॅट्रिक्समध्ये आणखी एक अडचण दडलेली आहे. त्याचा निश्चयक (डिटरमिनंट) ऋण, म्हणजे −१ आहे. शिरोबिंदू व्हॉक्सेलच्या चौकटीत नेले की आरशातील प्रतिमेसारखी उलटापालट होते, त्रिकोणांचा फेरा, म्हणजे त्यांच्या शिरोबिंदूंचा क्रम, उलट दिशेचा होतो आणि बाहेर पाहणारे अभिलंब (पृष्ठभागाला लंब दिशा) आत पाहू लागतात. अभिलंबांवर विसंबणारी कोणतीही पद्धत त्यानंतर आतले बाहेर आणि बाहेरचे आत सांगते. त्रिकोणांच्या यादीतील कोणतेही दोन स्तंभ अदलाबदल केले की हे सुधारते. मात्र मी मेश हलवतच नाही. व्हॉक्सेलची केंद्रेच मेशच्या मिलिमीटर-चौकटीत आणते. पृष्ठभाग जसे मिळाले तसे राहतात, सगळ्यांना व्हॉक्सेलचे एकच जाळे मिळते आणि फेऱ्याचा प्रश्न उद्भवत नाही.

‘एकच जाळे’ हे शब्द मुद्दाम वापरले. ट्रायमेशसारख्या प्रोग्रॅमिंग-ग्रंथालयाला प्रत्येक मेश स्वतंत्रपणे व्हॉक्सेलमध्ये बदलायला सांगितले, तर ते त्या मेशच्या विस्तारानुसार स्वतःचे जाळे आखते. सात पृष्ठभागांचे सात वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या आरंभबिंदूंचे संच तयार होतात, आणि मग कडेने शून्ये जोडून ते एका मापाचे केले जातात. एखादा थर एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ दिसण्याचे कारण बहुधा हेच असते.

बाकीच्या गफलती थोडक्यात सांगते. थ्रीडी स्लायसर या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या मेशची फाइल एलपीएस (डावीकडे, मागे आणि वर धन) चौकटीत लिहितात, त्यामुळे डावे-उजवे आणि पुढचे-मागचे उलटते. एसटीएल या प्रकारच्या मेश-फाइलमध्ये चौकटीची मानक नोंदच नसते, म्हणून ती माहिती आपण स्वतः लिहून ठेवावी लागते. वॉटरशेडच्या आज्ञेला पृष्ठभाग-आरएएस वापरण्याचा पर्याय दिला नसेल, तर तिचे तीन पृष्ठभाग एका चौकटीत आणि फ्रीसर्फरचे चार दुसऱ्या चौकटीत येतात. मेंदू कवटीत नीट बसत नसेल तर प्रथम हे तपासावे.

चौकट बरोबर आहे याची खात्री चित्राकडे पाहून होत नाही, ती संख्येने करावी. व्हाइट पृष्ठभागाच्या प्रत्येक शिरोबिंदूपासून अभिलंबाच्या दिशेने १ मिलिमीटर आत आणि १ मिलिमीटर बाहेर जाऊन टी१ व्हॉल्यूममधील तीव्रता वाचावी. फ्रीसर्फरच्या प्रमाणित व्हॉल्यूममध्ये श्वेत द्रव्य ११० च्या आसपास आणलेले असते, म्हणून आतील सरासरी त्याच्या जवळ आणि बाहेरील सरासरी स्पष्टपणे कमी यायला हवी. हा फरक नाहीसा झाला असेल तर मेश जागेवर नाही, आणि पुढचे काहीही करू नये.

रेघेचे मूळ

आता त्या रेघेकडे वळू. बहुतेक साधने ‘आत की बाहेर’ हे किरणाने ठरवतात. बिंदूपासून एका अक्षाच्या दिशेने किरण सोडायचा, तो पृष्ठभागाला किती वेळा छेदतो ते मोजायचे, छेद विषम असतील तर बिंदू आत आणि सम असतील तर बाहेर. तत्त्व निर्दोष आहे. अडचण येते ती किरण त्रिकोणाच्या अंतर्भागातून न जाता नेमका त्याच्या कडेवरून किंवा शिरोबिंदूवरून गेला म्हणजे, कारण तो छेद कधी दोनदा मोजला जातो, कधी सहादा, कधी एकदाही नाही. सम-विषम एकदा चुकले की त्या ओळीतील पुढचे सगळे व्हॉक्सेल उलटे होतात, पुढचा एखादा छेद असाच चुकेपर्यंत किंवा व्हॉल्यूमच्या कडेपर्यंत. आपल्याला दिसणारी रेघ ती हीच. ती नेहमी एका अक्षाला समांतर असते आणि एकाच व्हॉक्सेलच्या रुंदीची असते, यावरून ती ओळखावी.

असा नेमका योग क्वचितच येईल असे वाटते, पण मेंदूच्या मेशमध्ये तो क्वचित नसतो. १९८७ साली लोरेन्सन आणि क्लाइन यांनी मांडलेली मार्चिंग क्यूब्स ही पद्धत ० आणि १ अशा मास्कवर ०.५ या पातळीने चालवली, तर प्रत्येक शिरोबिंदू शेजारच्या दोन व्हॉक्सेल-केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या बरोबर मध्यावर पडतो. म्हणजे त्याच्या तीन निर्देशकांपैकी दोन व्हॉक्सेल-केंद्राचेच असतात. त्याच जाळ्यावर, त्याच केंद्रांमधून, अक्षाला समांतर किरण सोडला की त्याचा एकूण एक छेद शिरोबिंदूवरच होतो. सर्वांत वाईट स्थिती येथे अपवादाने नव्हे तर नियमाने येते, आणि मास्कपासून बनवलेल्या त्वचेच्या व कवटीच्या मेशमध्ये रेघांचे जंगल का उगवते ते यावरून कळते. फ्रीसर्फरचे अंतिम पृष्ठभाग तीव्रतेच्या आधारे सरकवलेले आणि गुळगुळीत केलेले असल्यामुळे त्यांत रेघा फार कमी येतात.

सर्वांत स्वस्त उपाय असा की विचारणा करायचे सर्व बिंदू किरणाच्या दिशेशी काटकोनात असलेल्या दोन्ही दिशांनी अगदी किंचित, एका दिशेने ०.०००३७ आणि दुसऱ्या दिशेने ०.०००७१ मिलिमीटर, अशा विचित्र अंतरांनी सरकवावेत. ३२ बिटी दशांश संख्येत १०० च्या आसपास लगतच्या दोन संख्यांमधील अंतर सुमारे ०.०००००८ असते, त्यामुळे हे सरकणे गिळले जात नाही आणि लेबलांवर त्याचा परिणामही दिसत नाही. दुसरा उपाय तिन्ही अक्षांच्या दिशांनी स्वतंत्र किरण सोडून बहुमत घेण्याचा. तीनपैकी दोन किरण एकाच व्हॉक्सेलबाबत एकाच वेळी चुकणे दुर्मिळ असते.

मेश बंद असल्याची खात्री नसेल, तर मी किरण सोडून घनकोनाकडे वळते. बिंदूवरून पाहता प्रत्येक त्रिकोण जो घनकोन व्यापतो त्यांची चिन्हासह बेरीज करून ४π ने भागले की आतल्या बिंदूसाठी १ आणि बाहेरच्या बिंदूसाठी ० येते. एका त्रिकोणाच्या घनकोनाचे सुटसुटीत सूत्र व्हॅन ऊस्टरॉम आणि स्ट्रॅकी यांनी १९८३ साली दिले. २०१३ साली जेकबसन, कावान आणि सॉर्किन-हॉर्नुंग यांनी दाखवले की मेशला छिद्रे असली किंवा त्रिकोण एकमेकांत घुसले असले तरी हीच बेरीज उपयोगी पडते, फक्त उत्तर १ ऐवजी ०.९७ सारखे येते आणि ०.५ ही सीमा धरून निर्णय घेता येतो. खर्च मात्र मोठा आहे. ३,२७,६८० त्रिकोणांचा एक गोलार्ध आणि १,६७,७७,२१६ व्हॉक्सेल घेतले, तर सुमारे साडेपाच लाख कोटी घनकोन काढावे लागतील. म्हणून पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर परिसरातील व्हॉक्सेलपुरतीच ही विचारणा करावी आणि उरलेला भाग शेजाऱ्याकडून लेबल घेऊन भरावा, किंवा २०१८ साली आलेली जलद वाइंडिंग नंबरची (याच बेरजेची) पद्धत वापरावी. ती लिबआयजीएल या प्रोग्रॅमिंग-ग्रंथालयात उपलब्ध आहे.

कनेक्टोम वर्कबेंच हे साधन वापरणाऱ्यांसाठी पृष्ठभागापासूनचे चिन्हांकित अंतर काढणारी आज्ञा तयारच आहे. तिचे उत्तर बाहेर धन आणि आत ऋण असते. व्हाइटपासूनचे अंतर धन आणि पायलपासूनचे ऋण असलेला व्हॉक्सेल म्हणजे करडे द्रव्य. आत-बाहेर ठरवण्याची रीत तेथे मूलतः सम-विषमाचीच असते, पण ती बदलण्याचा पर्याय दिलेला आहे.

त्रिकोण रंगवून मग पोकळी भरण्याची जी जुनी पद्धत आहे, ती मी या कामात पूर्णपणे सोडली आहे. रंगवलेले कवच एका व्हॉक्सेलच्या जाडीचे असते, ते आतल्या भागात धरले की पृष्ठभाग सरासरी अर्धा व्हॉक्सेल बाहेर सरकतो, समोरासमोरचे काठ चिकटतात, आणि कवचात एक जरी भोक असेल तर भरणारा रंग त्यातून बाहेर वाहून सगळा व्हॉल्यूम व्यापतो.

हे भोक येते तरी कोठून, याचे उत्तर अनेकदा मानेत सापडते. डोक्याचा स्कॅन मानेपाशी संपतो, त्वचेचा मास्क व्हॉल्यूमच्या तळाला टेकलेला असतो, आणि मार्चिंग क्यूब्सला तेथे आत-बाहेरची सीमाच न मिळाल्यामुळे मेश खालून उघडा राहतो. मेश काढण्यापूर्वी मास्कभोवती सर्व बाजूंनी शून्याचा एकेक थर जोडला की तळ आपोआप मिटतो. एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले तीन शिरोबिंदू स्वतंत्रपणे वाहून आणतो, त्यामुळे ते एकत्र केल्याशिवाय बंद मेशही फाटका भासतो. काही साधने हे वाचतानाच करतात, काही करत नाहीत. मोजणीचा एक सोपा ताळा असा की गोलासारख्या बंद पृष्ठभागात त्रिकोणांची संख्या शिरोबिंदूंच्या दुपटीपेक्षा ४ ने कमी असते. फ्रीसर्फरच्या सरासरी मेंदूचा, म्हणजे एफएसॲव्हरेजचा, एक गोलार्ध १,६३,८४२ शिरोबिंदूंचा आणि ३,२७,६८० त्रिकोणांचा आहे, हिशेब जुळतो. त्वचेच्या मेशमध्ये नाकपुड्या आणि कान यांमुळे वेढे तयार होऊन ही संख्या बदलू शकते. तेथे प्रत्येक कड बरोबर दोनच त्रिकोणांना सामाईक आहे एवढे पाहणे पुरेसे होते.

बेरीज नको, बिट ठेवावेत

पाचही पृष्ठभागांची (दोन्ही गोलार्धांचे मिळून व्हाइट एक आणि पायल एक धरून) उत्तरे मिळाली की लेबल देण्याचा मोह दोन रीतींनी होतो. बाहेरून आत येत एकावर एक रंगवत जाणे ही पहिली रीत. तिचा क्रम उलटला तर शेवटी सगळे डोके त्वचेचे होते, आणि हे लगेच कळते. बिंदू किती पृष्ठभागांच्या आत आहे ती संख्या हेच लेबल मानणे ही दुसरी रीत, आणि ती दिसायला फार देखणी आहे. नारळात सोडण, करवंटी, खोबरे, पाणी हा क्रम कधी मोडत नाही. तसे थर असते तर ही बेरीज पुरली असती. प्रत्यक्षात पायल पृष्ठभाग वॉटरशेडच्या कवटीतून काही ठिकाणी बाहेर डोकावतो. तेथील व्हॉक्सेल त्वचेच्या आत, बाह्य कवटीच्या आत आणि पायलच्या आत असतो, पण अंतर्कवटीच्या बाहेर असतो. बेरीज ३ येते आणि करड्या द्रव्याला निमूटपणे द्रवाचे लेबल मिळते. चूक झाल्याचा मागमूसही उरत नाही.

म्हणून मी बेरीज न करता बिट ठेवते. त्वचेला १, बाह्य कवटीला २, अंतर्कवटीला ४, पायलला ८ आणि व्हाइटला १६ असे भार देऊन प्रत्येक व्हॉक्सेलचा एक संकेतांक बनवते. ३२ शक्यतांपैकी ०, १, ३, ७, १५ आणि ३१ हे सहाच वैध आहेत. उरलेले २६ म्हणजे कोठेतरी एक पृष्ठभाग दुसऱ्यातून बाहेर आलेला आहे. वर सांगितलेल्या व्हॉक्सेलचा संकेतांक ११ येतो. व्हाइट पायलच्या बाहेर गेला असेल तर २३ येतो. प्रत्येक संकेतांकाचे किती व्हॉक्सेल आहेत याचा तक्ता लेबले लिहिण्यापूर्वी पाहावा. हा तक्ता मी आता प्रत्येक व्यक्तीसाठी जपून ठेवते, आणि कोणता पृष्ठभाग कोठे बिघडला हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. डावा आणि उजवा गोलार्ध हे एकमेकांत बसलेले नसून शेजारी-शेजारी आहेत, म्हणून त्यांचा ‘किंवा’ घ्यावा, बेरीज घेऊ नये, आणि दोन्ही पायल एकमेकांवर चढलेले मध्यरेषेजवळचे व्हॉक्सेल वेगळे मोजावेत.

संकेतांक ११ चे व्हॉक्सेल पुष्कळ निघाले तर टी१ चित्रावर पायल आणि अंतर्कवटी एकत्र पाहावी. पायल पृष्ठभाग तीव्रतेच्या उतारावर काळजीपूर्वक बसवलेला असतो आणि वॉटरशेडची कवटी त्या मानाने ढोबळ असते, त्यामुळे बहुधा कवटीच आखडलेली असते. शक्य असल्यास वॉटरशेडची प्रीफ्लड उंची (तिचा एक नियंत्रक आकडा) बदलून ती पुन्हा काढावी. एवढे करूनही थोडे व्हॉक्सेल उरले, तर पायलचा भाग एका व्हॉक्सेलने फुगवून अंतर्कवटीत मिळवावा, मग अंतर्कवटी ठरावीक जाडीने फुगवून बाह्य कवटीत मिळवावी, त्यानंतर तोच क्रम त्वचेपर्यंत न्यावा आणि संकेतांक पुन्हा काढावेत. एमएनई-पायथन हे साधन तर कवटीचा आतला पृष्ठभाग बाहेरच्या पृष्ठभागात पूर्णपणे बसत नसेल तर पुढचे काम करण्यासच नकार देते. ती त्रुटी वैतागाची वाटली तरी ती योग्यच आहे.

संकेतांक २३ वेगळी गोष्ट सांगतो. गोलार्धाच्या मध्यभित्तीवर व्हाइट आणि पायल मुळातच एकमेकांवर टेकलेले असतात, तेथील मोजके व्हॉक्सेल पायलमध्ये व्हाइट मिळवून सोडवता येतात. ते हजारोंनी असतील, तर बहुधा कोणीतरी फाइल हलकी करण्यासाठी दोन्ही मेशचे त्रिकोण वेगवेगळे कमी केलेले असतात. या दोन पृष्ठभागांत शिरोबिंदूंचा एकास एक संबंध असतो; तो मोडला की मध्यभित्तीवरचे टेकणे छेदाछेदीत बदलते. त्रिकोण कमी करू नयेत हा माझा सल्ला आहे, कारण व्हॉक्सेलमध्ये जाताना त्यांच्या संख्येने फारसा वेळ वाचत नाही.

पातळ थरातून गळती

चौकट बरोबर, मेश बंद, संकेतांक वैध, आणि तरीही त्वचेचा व्हॉक्सेल द्रवाच्या व्हॉक्सेलला कोपऱ्याने चिकटलेला सापडतो. हा दोष मापाचा आहे. शेजारच्या दोन व्हॉक्सेल-केंद्रांतील अंतर बाजूने १, आणि कोपऱ्याने √३, म्हणजे सुमारे १.७३ व्हॉक्सेल असते. थर त्याहून पातळ असेल तर एका पावलात तो ओलांडला जाऊ शकतो. कानशिलाजवळचे हाड मुळातच पातळ असते, म्हणून १ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये पहिली भोके तेथे पडतात. ०.५ मिलिमीटरवर गेल्यास ही मर्यादा ०.८७ मिलिमीटरवर येते. प्रकाशकणांच्या सिम्युलेशनमध्ये कोपऱ्याचा स्पर्श फारसा बाधत नाही, पण व्हॉक्सेललाच षट्फलकी घटक मानून विद्युतप्रवाह काढणाऱ्यांना तो महागात पडतो, कारण प्रवाह त्या सामाईक कोपऱ्यातून हाडातून न जाता आत शिरतो.

माप अर्धे केले की व्हॉक्सेल आठपट होतात: १३,४२,१७,७२८. एका बाइटच्या लेबलांना हे १२८ मेगाबाइट भरते, पण ६४ बिटी अंतराचा एकेक व्हॉल्यूम ठेवला तर प्रत्येक पृष्ठभागाला पूर्ण १ गिगाबाइट लागतो, म्हणून कापांचे गठ्ठे करून काम करावे आणि अंतर फेकून देऊन फक्त बिट जपावेत. लेबलांचे माप नंतर बदलायचे असेल तर केवळ निकटतम शेजाऱ्याची पद्धत वापरावी. रेषीय अंतर्वेशनाने ० आणि २ यांच्या मधोमध १ तयार होतो, म्हणजे जेथे कवटी थेट हवेला भिडली असेल तेथे नसलेली त्वचा उगवते आणि खरा दोष झाकला जातो.

पृष्ठभाग जे सांगत नाहीत

एवढे झाल्यावर समोर आलेला व्हॉल्यूम स्वच्छ दिसतो आणि तरीही चुकीचा असतो, कारण पायल पृष्ठभाग फक्त मोठ्या मेंदूचे आहेत. लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ त्यांच्या बाहेर, पण कवटीच्या आत आहेत, म्हणून दोघांनाही ७ हा वैध संकेतांक मिळतो आणि ते द्रव म्हणून नोंदले जातात. दुसरीकडे व्हाइट पृष्ठभागाच्या आत थॅलॅमस आणि पार्श्व निलयेही येतात, आणि द्रवाने भरलेली निलये श्वेत द्रव्य ठरतात. संकेतांकांचा तक्ता हे पकडू शकत नाही. त्यासाठी फ्रीसर्फरचा एसेग (मेंदूच्या भागांना क्रमांक देणारा) व्हॉल्यूम आणावा लागतो: लहान मेंदूचे श्वेत आणि करडे भाग तेथे डावीकडे ७ आणि ८, उजवीकडे ४६ आणि ४७ या क्रमांकांवर असतात, मस्तिष्कस्तंभ १६ वर, पार्श्व निलये ४ आणि ४३ वर, तिसरे आणि चौथे निलय १४ आणि १५ वर, थॅलॅमस १० आणि ४९ वर. हे भाग पाच थरांच्या लेबलांवर शेवटी चढवावेत, आणि चढवताना ते अंतर्कवटीच्या बाहेर पडणार नाहीत एवढी अट घालावी.

तपासणीसाठी दोन आधार हाताशी असतात. मेशचे घनफळ त्रिकोणांवरून थेट काढता येते. ते आणि आत ठरलेल्या व्हॉक्सेलचे एकूण घनफळ यांत १ टक्क्याहून अधिक फरक पडला तर रेघ, भोक किंवा सरकणे यांपैकी काहीतरी शिल्लक आहे, आणि घनफळ ऋण आले तर त्रिकोणांचा फेरा उलटा आहे. दुसरा आधार म्हणजे फ्रीसर्फरने स्वतःच बनवलेला रिबन व्हॉल्यूम. त्यात डावे श्वेत द्रव्य २, डावा कॉर्टेक्स ३, उजवे श्वेत द्रव्य ४१ आणि उजवा कॉर्टेक्स ४२ या क्रमांकांनी असतो. तो १ मिलिमीटरच्या जाळ्यावर असतो, म्हणून आपणही एकदा त्याच जाळ्यावर व्हाइट आणि पायलची लेबले काढून, एसेग चढवण्यापूर्वी, दोन्ही व्हॉल्यूमची वजाबाकी पाहावी. फरकाचे व्हॉक्सेल सीमेवर विखुरलेले आणि एकाच व्हॉक्सेलच्या जाडीचे असतील तर ते केंद्र सीमेच्या या बाजूला की त्या बाजूला एवढ्यापुरतेच आहेत. ते एका बाजूला सलग पट्टीने जमले असतील, उदाहरणार्थ प्रत्येक वळीच्या पुढच्या काठावर फरक आणि मागच्या काठावर काहीच नाही, तर अर्धा व्हॉक्सेल अजून कोठेतरी हरवलेला आहे आणि मॅट्रिक्सचा कागद पुन्हा उघडावा.